दिवाळीपर्यंत रेडिओ सोडला

लग्न होऊन मी मुंबईहून शेलूबाजारला आले तेव्हा माझ्या सामानात एक ट्रान्झिस्टर होता, आणि सासूबाईंनी सगळ्यात आधी त्याचीच झडती घेतली. साड्यांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ट्रान्झिस्टरला चामड्याचं कव्हर होतं, तपकिरी, बटणाचं, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेलं. आमचं घर जैनांचं. माझं माहेरही जैनांचंच, पण गिरगावातल्या दोन खोल्यांत चामड्याचं पाकीट आणि चामड्याचा पट्टा ह्यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नसे. इथे मात्र चामडं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येत नव्हतं. सासूबाईंनी दोन बोटांनी कव्हर उतरवलं, बाहेर ओट्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, "याले कपड्याचं शिव वं पोरी. मंग कुठंबी ठेव."

मी जुन्या परकराच्या छिटाचं कव्हर शिवलं. त्या लाल फुलांच्या झबल्यात तो ट्रान्झिस्टर असा काही बावळट दिसायचा की मला रोज नव्याने राग यायचा. मला तेव्हा राग फार लवकर यायचा. आताही येतो, पण आता लोक वयाला मान देतात.

मुंबईचं स्टेशन तिथे दिवसा लागत नसे. उजेड असेपर्यंत नुसती खरखर, आणि अंधार पडायला लागला की खरखरीच्या आतून ते हळूहळू वर यायचं. आमच्याकडे जेवणं सूर्य मावळायच्या आत व्हायची. भांडी घासून, चूल सारवून मी मोकळी होईपर्यंत बाहेर काळोख पडलेला असायचा, म्हणजे चूल विझली की स्टेशन लागायचं. सूर्यास्ताआधी जेवायचा मला लहानपणापासून कंटाळा होता, पण एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्या रिवाजाचे आभार मानत असे.

ट्रान्झिस्टर कुठेही ठेवून चालत नसे. पुष्कळ खटाटोप केल्यावर मला शोध लागला होता की स्वयंपाकघरालगतच्या खोलीत तुरीच्या डाळीची जी पत्र्याची कोठी आहे, तिच्यावर तो आडवा ठेवला, तोंड खिडकीकडे केलं, की आवाज स्वच्छ येतो. मी कोठीला टेकून, कान छिटाला लावून बसायची.

ते मोठ्या माणसांचं स्टेशन होतं. म्हणजे पिकांचे भाव नाहीत, बालगोपाळांची गंमतजंमत नाही. संथ गाणी, गझला, शनिवारी इंग्रजी तबकड्या, आणि मध्ये मध्ये बोलणारी एक बाई. ती बाई ओरडून सांगायची नाही. समोर बसून चहा पिता पिता बोलावं तशी बोलायची. "आज इथे दुपारपासून पाऊस लागलाय," असं ती म्हणाली की माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गल्लीतला नळ, समोरच्या इराण्याची ओली पायरी, छत्र्या उलट्या होणारा तो कोपरा, सगळं उभं राहायचं. मला शेलूबाजारला करमत नव्हतं. माणसं वाईट नव्हती. नवरा तर इतका शांत होता की त्याच्याशी भांडायचं म्हटलं तरी एकटीनेच भांडावं लागे. घरात सासूबाई, तो आणि मी एवढीच माणसं. बाहेरच्या रस्त्यावर त्याचं किराणा-कापडाचं दुकान. पण मला करमत नव्हतं, आणि हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. कामं संपली तरी माझे पाय थांबत नसत. मी ओट्यावर जायची, परत यायची, माठात पाणी आहे का बघायची, पुन्हा ओट्यावर जायची. वाशीमकडे जाणारी एस.टी. दिसली की ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहायची.

त्या स्टेशनशी माझं आणखी एक नातं होतं. दर शनिवारी संध्याकाळी तिथे एका श्रोत्याला बोलावत. त्याने आपल्या आवडीची गाणी लावायची आणि त्या बाईशी गप्पा मारायच्या. लग्नाच्या थोडे दिवस आधी मला बोलावणं आलं होतं. मी आईची रेशमी साडी नेसून गेले. काचेची खोली, भिंतींना भोकाभोकांचे पुठ्ठे, दारावर लाल दिवा. ती बाई प्रत्यक्षात बुटकी, जाड चष्म्याची, सर्दी झालेली निघाली. आमचं बोलणं टेपवर घेतलं आणि "कधी लागेल ते कळवू," असं सांगून मला घरी पाठवलं. मग हळद लागली, मी इकडे आले, आणि महिन्यांमागून महिने गेले तरी ते काही लागलं नाही. मी मात्र दर शनिवारी कोठीला टेकून वाट बघायची. आपला आवाज एकदा तरी त्या डब्यातून ऐकायचा, एवढं एकच मला हवं होतं. का, ते मला नीट सांगता आलं नसतं. बहुधा मला खात्री करून घ्यायची होती की ती साडी नेसून गेलेली मुलगी खरंच होती.

अशातच चातुर्मास लागला.

त्या वर्षी वाशीमला एक मुनिमहाराज मुक्कामाला होते. रविवारी सगळे जैन लोक तिथे प्रवचनाला जात. प्रवचन संपलं की एकेकाने उभं राहून हात जोडायचे आणि दिवाळीपर्यंत काहीतरी सोडायचा नियम घ्यायचा. आपल्याला जे आवडतं तेच सोडायचं, नावडतं सोडून पुण्य लागत नाही. कोणी तूप सोडलं, कोणी साखर, कोणी गादी सोडून चटईवर झोपायचं ठरवलं. सासूबाईंनी हिरव्या भाज्या सोडल्या. दरवर्षी निम्म्या बायका हिरव्या भाज्याच सोडत. आमच्या घरी मेथी-पालक आणून देणारी माळीणमावशी ह्या दिवसांत चातुर्मासाच्या नावाने बोटं मोडायची. "तुमचे महाराज आले का माह्या मेथीले कुत्रंबी पुसत नाई," म्हणायची.

सासूबाईंचं झाल्यावर सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. नवी सून काय सोडते?

आता आदल्या संध्याकाळचं सांगायला हवं. शनिवार होता. ती बाई त्या दिवशीच्या श्रोत्याचं नाव सांगणार एवढ्यात सासूबाई उद्याची डाळ काढायला आल्या, ट्रान्झिस्टर उचलून जमिनीवर ठेवला आणि कोठीचं झाकण उघडलं. स्टेशन गेलं. मी काही बोलणार तोच त्या म्हणाल्या, "काय रोज रोज त्या डब्ब्याले कान लावून राह्यते! कान फुटतीन एखांद्या दिशी." मी रात्रभर धुमसत होते. प्रवचनातलं एक अक्षर माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. आणि तसंही, त्या घरात मी सोडू तरी काय? कांदा नाही, बटाटा नाही, रात्रीचं खाणं नाही, बाहेरचं खाणं नाही. माझ्याकडे सोडण्यासारखं उरलंच काय होतं?

मी ताडकन उभी राहिले, हात जोडले आणि म्हटलं, "दिवाळीपर्यंत रेडिओ."

खरं म्हणजे मला वाटत होतं की सासूबाई माझा पदर ओढतील, खाली बसवतील, म्हणतील, नको गं पोरी, एवढं नको. बस, तेवढंच मला हवं होतं. पण पदर कोणी ओढला नाही. महाराज प्रसन्न हसले. जिभेचा त्याग सगळेच करतात, कानाचा त्याग अवघड, असं काहीतरी म्हणाले. बायकांनी माझ्याकडे वळून वळून बघितलं. परतीच्या एस.टी.त सासूबाईंनी कंडक्टरपासून कोंबड्या घेऊन बसलेल्या बाईपर्यंत सगळ्यांना सांगितलं, "माह्या सुनेनं रेडू सोडला! मुंबईची हाय, पन पाहा!" त्यांच्या चेहऱ्यावरचं ते तेज बघून मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरी आल्यावर मी ट्रान्झिस्टर झबल्यासकट कपाटात ठेवला. तसाही माझा कार्यक्रम आता काय लागतोय, टेप पुसून टाकली असेल, अशी मनाची समजूत घातली.

राखीपौर्णिमेला माझा भाऊ आला. राखी बांधून झाल्यावर पहिला घास तोंडात असतानाच तो म्हणाला, "अगं, स्टेशनवरून निरोप आलाय. ह्या शनिवारी तुझा कार्यक्रम लागतोय!"

सासूबाई आणि नवरा माझ्याकडे बघायला लागले. भावाला कळेना की ह्यांना आनंद का होत नाही. मी उठले आणि पाणी आणायच्या निमित्ताने मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. रिकामी कळशी दगडावर आपटली. रडू नव्हतं ते, संताप होता. कोणावर, तेच कळत नव्हतं.

रात्री नवरा म्हणाला, "ऐकून घे नं तू. मंग जाऊ वाशीमले. महाराज प्रायश्चित्त देतीन एखांदा उपास. कितीक लोकाचे नेम मोडते." सासूबाई दारातच होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "नेम तुहा हाय. तुले जसं वाटते तसं कर." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी लगेच रेडिओ लावला असता. पण त्यांनी माझ्यावर सोपवलं, आणि मला एस.टी.तला त्यांचा तो चेहरा आठवला. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "मी नियम मोडणार नाही."

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. भाकरी थापताना ठरवायची की ऐकायचं, उलटेपर्यंत ठरायचं की नाही ऐकायचं, आणि तोवर भाकरी करपायची. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. कपाट उघडून झबलं दिसतं का बघायची आणि चोरी केल्यासारखी कपाट लावायची. भाऊ दुसऱ्याच दिवशी परत गेला. "तू ऐक गं, वेडी आहेस का?" असं जाता जाता म्हणून गेला, आणि मी त्याच्यावरही खेकसले.

त्यात नवऱ्याने एक पराक्रम केला. त्याला माझं कौतुक होतं, पण ते मला सांगायचा त्याला संकोच. म्हणून त्याने ते गिऱ्हाइकांना सांगितलं. शनिवार उजाडेपर्यंत अख्ख्या बाजाराला ठाऊक झालं की दुकानदाराची बायको आज मुंबईच्या रेडिओवर बोलणार आहे. पानठेलेवाल्याने नवे सेल घातले. रस्त्यावरच्या हॉटेलवाल्याने आपला मोठा रेडिओ काउंटरवरून उचलून बाहेर बाकड्यावर आणला, एरियलची तार थेट लिंबाच्या फांदीला बांधली. दुकानासमोरही एक रेडिओ मांडला गेला, कोणाचा होता देव जाणे. आमच्या घराच्या तिन्ही बाजूंनी माझा आवाज येणार होता. रेडिओ लावायचा नाही एवढं सोपं. पण कान कुठे नेऊन ठेवायचे?

संध्याकाळी जेवणं झाली. माळीणमावशी टोपली घेऊन घरी निघाली होती. मी तिला म्हटलं, "मावशी, मला तुमच्या मळ्यात घेऊन चला."

"आता? या बखताले? मळ्यात काय हाय वयनी, चिखल?"

"चिखलच हवाय," मी म्हटलं. सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, कंदील माझ्या हातात दिला.

आम्ही बाजारातून निघालो. आयुष्यात इतक्या घाईघाईने मी कधी चालले नसेन. सारा बाजार माझ्या आवाजाची वाट बघत बसला होता आणि मी माझ्याच आवाजापासून पळत होते. हॉटेलापुढून जाताना कोणीतरी ओरडलं, "वयनी, तिकडं कुठं? आता लागते नं!" मी कानांवर पदर घट्ट ओढला. मावशी मागून धापा टाकत म्हणत होती, "अवं हळू, मी काय मोटार हावो?"

मळा रस्त्यापासून बराच आत होता. तिथे बाजाराचा आवाज येत नव्हता. बेडूक ओरडत होते, विहिरीवरचं इंजिन बंद होतं, वांग्यांच्या पानांवर पाणी चमकत होतं. मावशीने खोपटापुढे पोतं अंथरलं. मी बसले, उठले, बांधावरून चालत गेले, परत आले. आता सुरू झालं असेल. आता ती बाई माझं नाव सांगत असेल. आता पहिलं गाणं. मी कोणती गाणी लावली होती ते मला आठवेना! सगळ्या शेलूबाजाराला आता माहीत झालं होतं, आणि मला आठवत नव्हतं.

मावशी माझ्या येरझाऱ्या बघत होती. शेवटी वैतागून म्हणाली, "वयनी, तुमी इथं आल्या कायले? सारा जीव तं तिकडंच हाय तुमचा. भाजी तं मीबी सोडली व्हती एक साल, पन मेथी पाहून मी पळत नवती सुटली."

मी कंदील उचलला आणि सुटले. नियम गेला खड्ड्यात, दिवाळी गेली खड्ड्यात, उपास करीन, दोन करीन, महाराजांचे पाय धरीन, पण मला ऐकायचं होतं. चिखलात एक चप्पल राहिली, ती तिथेच राहू दिली. बाजारातून जायची मला लाज वाटली. सगळ्यांनी मला जाताना पाहिलं होतं. मी गल्लीने घराच्या मागच्या दाराशी आले, कंदील बाहेर पायरीवरच ठेवला आणि आत शिरले.

कोठीच्या खोलीत अंधार होता. सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या, कोठीला टेकून, मी बसायची तशाच, कान लाल फुलांच्या छिटाला लावून. ट्रान्झिस्टर बरोबर आडवा ठेवला होता, तोंड खिडकीकडे. आतून कोणा एका मुलीचा आवाज येत होता. भरभर बोलत होती. कोण बोलतंय हे मला ओळखू आलं नाही, आणि आलं त्याच क्षणी सासूबाईंनी मला पाहिलं. त्या दचकल्या, हात पुढे केला आणि खट्‌कन रेडिओ बंद केला.

"बंद केला, बंद केला!" त्या म्हणाल्या. "काई नाई ऐकलं तू. तुहा नेम मोडू नाई देल्ला मी."

"लावा!" मी किंचाळले. "नियम राहू द्या, लावा तो!"

त्यांना काही सुधरेना. मीच झडप घालून ट्रान्झिस्टर उचलला आणि बटण फिरवलं, आणि अर्थातच, कोठीवरून उचलल्याबरोबर स्टेशन गेलं. नुसती खरखर. मी तो पुन्हा कोठीवर ठेवला, आडवा केला, उभा केला, काटा मागेपुढे फिरवला. माझ्या बोटांना चिखल, बटण सरकत होतं. कुठलं तरी परक्या भाषेतलं स्टेशन लागलं, मग पुन्हा खरखर. शेवटी मुंबई लागली तेव्हा एक पुरुष कुठल्यातरी साबणाची जाहिरात करत होता. बाहेर बाजारात लोक टाळ्या वाजवत होते. कार्यक्रम संपला होता.

तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. मी नियमही मोडला आणि आवाजही धड ऐकला नाही. पुढे कधीही तो ऐकायला मिळाला नाही. मी तिथेच जमिनीवर बसले आणि भोकाड पसरून रडले. नवी सून सासूसमोर असं रडत नाही, पण मला कशाचंच भान नव्हतं.

मला वाटलं आता सासूबाई नियमावरून बोलतील. त्यांनी आपल्या पदराने माझ्या पायावरचा चिखल पुसला. मी पाय मागे घेतला तर पुन्हा ओढला आणि पुसला. मग म्हणाल्या, "लय हासे तू त्याच्यात."

"काय?"

"थे बाई काई पुसे, आन तू हासे. बोलता बोलता हासे. मले वाटलं दुसरीच कोनी पोरगी हाय, तुह्यावाली टेप नसन." त्यांनी पदराची चिखलाची बाजू आत दुमडली. "आपल्या घरात तं तू अशी एकडावबी नाई हासली. काहून वं?"

मला तर हसल्याचं आठवतही नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या विचारण्यात खोच नव्हती. त्यांना खरंच कारण हवं होतं.

"मला इथे करमत नाही, आत्याबाई," मी म्हटलं.

म्हटलं आणि घाबरले. बाहेर कोणीतरी नवऱ्याला चहा पाजत होतं, त्याच्या पाठीवर थापा मारल्याचे आवाज येत होते. सासूबाई कोठीला टेकून बसल्या होत्या, अंधारात त्यांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता.

"मले दिसते थे," त्या म्हणाल्या. "मी कारंज्याहून इथं आली, तं मलेबी नवतं करमत. लय वर्सं नवतं करमत."

"मग? तुम्ही कोणाला सांगितलं?"

"कोनाले सांगतो?" त्या म्हणाल्या. "मले कोनी पुसलंच नाई."